देवमाणसाची मालमत्ता

१६ मार्च १८६३ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, लिबर्टी काउंटीमधल्या आर्केडिया नावाच्या मळ्यावर रेव्हरंड चार्ल्स कॉल्कॉक जोन्स वारले. वय ५८. कित्येक वर्षं अंगातली ताकद शोषून घेणाऱ्या दुखण्याने ते खंगत चालले होते. मागे पत्नी मेरी, दोन मुलगे, एक मुलगी, नातवंडं, तीन मळे आणि शंभरावर माणसं.

ही शंभरावर माणसं मळ्यांच्या रांगेत का बसवली, असं कुणी विचारील. जॉर्जियाच्या कायद्याने त्यांना तिथेच बसवलं होतं म्हणून. अडीच महिन्यांपूर्वी, १ जानेवारीला, लिंकन यांनी गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा काढला होता. वॉशिंग्टनच्या लेखी ही माणसं स्वतंत्र झाली होती. रिचमंडच्या, म्हणजे फुटून निघून उत्तरेशी लढणाऱ्या दक्षिणेच्या राजधानीच्या, लेखी ती इस्टेट होती आणि मयताच्या पश्चात वारसांकडे जायची होती. काउंटीचं नाव मात्र लिबर्टी. कादंबरीकाराने ठेवलं असतं तर आपण नाक मुरडलं असतं.

जोन्स यांची आठवण आज काढायचं कारण एक वाद आहे. प्रिन्स्टन थिऑलॉजिकल सेमिनरी ही प्रेसबिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाचे पाळक घडवणारी जुनी संस्था; जोन्स तिथलेच विद्यार्थी. २०१८ मध्ये तिने गुलामगिरीशी असलेला आपला संबंध तपासून अहवाल छापला आणि पुढच्या वर्षी त्यापोटी २ कोटी ७६ लाख डॉलर बाजूला काढल्याचं जाहीर केलं. त्यातून गुलामांच्या वंशजांना आणि इतर वंचित गटांतल्या विद्यार्थ्यांना ३० शिष्यवृत्त्या मिळायच्या होत्या. अशा घोषणा झाल्या की एक आक्षेप हमखास येतो: ती माणसं त्यांच्या काळाची लेकरं होती, आणि त्यातली पुष्कळशी भली होती. दीडशे वर्षांनी त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात कशाला उभं करता?

माझं म्हणणं असं की भलेपणाचा इथे संबंधच नाही. देणं हे देणं असतं. घेणारा सज्जन होता म्हणून कर्ज फिटत नाही. आणि हे पटवायला दुष्ट मालक उपयोगाचा नाही. त्याच्या दुष्टपणावर सगळं ढकलून आपण मोकळे होतो. जोन्स यांच्यासारखा माणूस हवा, कारण ते खरोखर भले होते.

जन्म १८०४चा. वर्षाच्या आत वडील शिकारीतल्या अपघातात गेले, सहाव्या वर्षी आई गेली. काकांनी वाढवलं. पोरवयात सॅव्हानाच्या एका पेढीवर हिशेब लिहायला लागले. मग धर्माची ओढ लागली आणि उत्तरेत शिकायला गेले, आधी अँडोव्हरला, मग प्रिन्स्टनला. तिथे गुलामगिरीविरोधी बोलणं रोज कानावर पडायचं. त्या काळात चुलतबहीण आणि वाग्दत्त वधू असलेल्या मेरीला त्यांनी लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत. गुलामगिरी ही देवाच्या आणि माणसाच्या सगळ्या कायद्यांची पायमल्ली आहे, या अर्थाची वाक्यं त्यांत आहेत. आपण गुलाम बाळगावेत की नाही, हा प्रश्न पंचविशीतल्या या तरुणाने स्वतःला स्पष्ट शब्दांत विचारला होता. त्याला कळत नव्हतं, असं निदान कुणी म्हणू नये.

१८३० च्या डिसेंबरात मेरीशी लग्न झालं. सॅव्हानाच्या चर्चमध्ये वर्ष-दीड वर्ष पाळकाचं काम करून जोन्स घरी परतले आणि त्यांनी आपल्या प्रश्नाला एक तडजोडीचं उत्तर शोधलं. गुलाम सोडायचे नाहीत. त्यांच्यात शुभवर्तमान घेऊन जायचं. त्यांना माणूस म्हणून, आत्मा असलेला जीव म्हणून वागवायचं, मालकांनाही तसं वागायला शिकवायचं, आणि मग हळूहळू काय व्हायचं ते होईल. पुढची अनेक वर्षं ते घोड्यावर बसून मळ्यामळ्यावर फिरले. जॉर्जियात १८२९ पासून गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं गुन्हा होता, म्हणून त्यांनी तोंडी पाठ करून घ्यायची प्रश्नोत्तरावली तयार केली. ती १८३४ मध्ये छापली गेली. या कामाचा खर्च ते स्वतः करायचे. म्हणजे मॉन्टेविडिओ मळ्यावरच्या भातातून आणि मेबँकच्या लांब धाग्याच्या कापसातून. ज्यांना उपदेश व्हायचा, त्यांच्याच घामातून उपदेशकाचा घोडा पोसला जात होता.

एका रविवारची हकीकत त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवली आहे, आणि याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. ते फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रावर प्रवचन देत होते. अनेसिम हा दास पळून गेला आणि पौलाने त्याला धन्याकडे परत पाठवलं, ती गोष्ट. पौलाचा हवाला देऊन त्यांनी पळून जाण्याचा निषेध केला, तेव्हा समोरची निम्मी मंडळी उठली आणि शांतपणे चालती झाली. जे थांबले त्यांचे चेहरेही बरं सांगत नव्हते. नंतर कुणी म्हणालं, असलं पत्र बायबलात नाहीच. कुणी म्हणालं, हे शुभवर्तमान नव्हे. तुम्ही मालकांना खूश करायला बोलता, असंही तोंडावर सांगितलं गेलं.

अक्षरओळख कायद्याने नाकारलेल्या त्या श्रोत्यांनी धर्मशास्त्राच्या पदवीधराला एका वाक्यात उत्तर दिलं होतं. ते ऐकून घेण्याइतके आणि प्रामाणिकपणे लिहून ठेवण्याइतके जोन्स मोठे होते. फक्त त्यावरून काही बदलण्याइतके नव्हते.

घरातला माणूस म्हणून त्यांच्यात खोट काढणं कठीण आहे. जोन्स कुटुंबाची हजारो पत्रं टिकली आणि १९७२ मध्ये त्यांचा जाडजूड संग्रह निघाला. मुलांच्या तब्येतीची काळजी, सुनेची विचारपूस, पावसापाण्याची खबर, कापसाचा भाव, शेवटी बायबलातलं एखादं वचन. वाचताना आपल्याच एखाद्या आजोबांचा ट्रंकेतला पत्रव्यवहार उघडल्यासारखं वाटतं. थोरला मुलगा वकील झाला, १८६० मध्ये सॅव्हानाचा महापौर झाला, धाकटा डॉक्टर, मुलगी एका पाळकाला दिली. आपल्याकडे अशा माणसाला लोक सरळ 'देवमाणूस' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

याच घरात १८५६ मध्ये जेन नावाची एक मुलगी पळून सॅव्हानाला गेली. ती सापडली. मग तिच्यासकट तिचे आईवडील फीबी आणि कॅशस यांना विकायचं ठरलं. जोन्स यांनी खटपट केली, नाही असं नाही: कुटुंब एकत्र जावं, दलालाच्या हाती लागू नये, मालक बरा मिळावा. तरीही काही महिन्यांत ती माणसं न्यू ऑर्लीन्सला पोचलीच. तिथून मार्च १८५७ मध्ये फीबी आणि कॅशस यांच्या नावाचं एक पत्र लिबर्टी काउंटीत आलं. मागे राहिलेल्या मुलींना निरोप, ओळखीपाळखीच्यांना नमस्कार, आणि जेन फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला वारली ही बातमी. आम्हाला आकसाने विकलं, पण यातून आमचं भलंच होईल अशी आशा आहे, असंही त्यात म्हटलं आहे. मला तर हे पत्र जोन्स घराण्याच्या हजारो पत्रांना पुरून उरेल असं वाटतं.

(लिहिताना एक गोष्ट खटकली. मराठीत पाद्रीसाहेब आपोआप 'वारले' होतात आणि जेन आपोआप 'वारली'. भाषासुद्धा इस्टेटीची यादी करून ठेवते. आईवडील दोघं मिळून अनेकवचनात बसले म्हणून त्यांना आपसूक मान मिळाला, एवढंच.)

जोन्स यांच्या चांगुलपणाने काय साधलं? विक्री टळली नाही. विकणाऱ्याची झोप उडू नये एवढी सोय झाली. ही व्यवस्था क्रूर माणसांच्या जोरावर फार काळ चालली नसती. रोज रात्री मुलाबाळांना घेऊन प्रार्थना करणाऱ्या, शब्दाला जागणाऱ्या कुटुंबवत्सल माणसांनी तिला आपली अब्रू उसनी दिली, म्हणून ती टिकली. पण अब्रूला एक हद्द असते, आणि ती हद्द बहुतेकदा मालकाच्या मृत्यूपाशी येते. मालक जिवंत असेपर्यंत 'आमची माणसं' असतात. तो गेला की कोर्टाकडून पंच येतात आणि दोन रकाने आखतात: नाव, किंमत.

फ्रेडरिक डग्लस हा गुलामीतून सुटून गुलामगिरीविरुद्ध गाजलेला वक्ता. तो लहान असताना त्याचा मेरीलँडमधला मालक मेला. त्या वाटणीचं वर्णन त्याने पुढे आत्मचरित्रात केलं आहे: पुरुष, बायका, म्हातारे, पोरं सगळी घोडे-मेंढ्या-डुकरांच्या जोडीने उभी केली गेली आणि एकाच नजरेने तपासली गेली. मोठ्या इस्टेटीत हेच मोठ्या प्रमाणावर व्हायचं. बटलर घराण्याची इस्टेट दोन भावांच्या वाट्यांत विभागल्यावर एक भाऊ कर्जात बुडाला. मार्च १८५९ मध्ये सॅव्हानाबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर त्याने आपल्या वाट्याची ४३६ माणसं दोन दिवसांच्या लिलावात काढली. उत्पन्न ३,०३,८५० डॉलर. दोन्ही दिवस पाऊस पडत होता.

बटलर प्रेसबिटेरियन नव्हता, त्यामुळे चर्चवाले हात झटकू शकतात. म्हणून १८४५ च्या सॅव्हानाच्या वर्तमानपत्रातली एक जाहिरात सांगतो. कर्ज थकलं म्हणून जप्त केलेली आठ माणसं विक्रीला होती: चार्ल्स, पेगी, अँटोनेट, डेव्ही, सप्टेंबर, मराया, जेनी आणि आयझॅक. जप्ती कुणाच्या बाजूने? साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या प्रेसबिटेरियन सिनडच्या, म्हणजे प्रांतिक चर्चसभेच्या, धर्मशिक्षण संस्थेच्या संचालक मंडळाच्या बाजूने. ती संस्था म्हणजे कोलंबिया थिऑलॉजिकल सेमिनरी. जोन्स तिथे दोनदा चर्चच्या इतिहासाचे प्राध्यापक होते. एकदा या जाहिरातीच्या आधी, एकदा नंतर. संस्थेने कुणाला चाबूक मारला नव्हता. तिने फक्त व्याजाने पैसे लावले होते, तारण घेतलं होतं, आणि तारण वसूल केलं. सप्टेंबर नावाच्या माणसाच्या किमतीतून किती पाळकांची फी भरली गेली, हा प्रश्न संस्थेच्या वहीतला आहे. त्यात भावनेला जागा नाही आणि तिची गरजही नाही.

आता 'काळाची लेकरं' हा मुद्दा. काळ एकटा नसतो. १८१८ मध्ये याच प्रेसबिटेरियन चर्चच्या महासभेने ठराव करून गुलामगिरी ही देवाच्या कायद्याशी पूर्ण विसंगत असल्याचं म्हटलं होतं, तेव्हा जोन्स १३ वर्षांचे होते. आणि जॉन रँकिन होते. टेनेसीत जन्मलेले म्हणजे दक्षिणेचेच, प्रेसबिटेरियन पाळक, तेरा मुलांचे बाप. कुटुंबवत्सलतेत जोन्स यांना सहज मागे टाकतील. व्हर्जिनियातल्या त्यांच्या भावाने गुलाम विकत घेतल्याचं कळलं तेव्हा त्यांनी त्याला जाहीर पत्रं लिहिली. १८२६ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. भावाने गुलाम सोडले. रँकिन ओहायो नदीकाठच्या रिप्लीत राहत. टेकडीवरच्या त्यांच्या घराच्या खिडकीतला दिवा नदीपलीकडून, गुलामीच्या केंटकीतून दिसायचा, आणि पळून आलेली माणसं त्या दिव्याच्या रोखाने यायची. बाप आणि मुलगे त्यांना पुढे पोचवायचे. तोच काळ, तेच चर्च, तेच बायबल, अनेसिमाचं पत्रही तेच.

जोन्स यांना शेवटी पर्याय उरले नव्हते हे मात्र खरं. १८५९ मध्ये जॉर्जियाने मृत्युपत्राने गुलाम मुक्त करायलाही बंदी घातली. पण ३० वर्षं आपणच एकेक दार लोटत आणल्यावर शेवटचं दार कायद्याने लावलं म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. डिसेंबर १८६१ मध्ये ऑगस्टा इथे दक्षिणेतल्या प्रेसबिटेरियनांनी आपलं वेगळं चर्च काढलं, तेव्हा आजारी जोन्स तिथे जाऊन गुलामांच्या धर्मशिक्षणावरच बोलले. आणि १८६२ च्या उन्हाळ्यात, किनाऱ्यावरची माणसं उत्तरेच्या गलबतांकडे पळू लागली तेव्हा, त्यांनी मुलाला लिहिलं की हे लोक फितूर आहेत, शत्रूला आपल्या शेजघरापर्यंत वाट दाखवतील. आयुष्यभर ज्यांना आपल्या कुटुंबातले म्हटलं, ती माणसं घराची वाट ओळखतात याचीच त्यांना आता भीती वाटत होती.

या गोष्टीचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. १८४३ मध्ये स्कॉटलंडचं चर्च फुटलं आणि थॉमस चामर्स यांच्या नेतृत्वाखाली फ्री चर्च निघालं. हिंदुस्थानातले स्कॉटिश मिशनरी नव्या चर्चबरोबर गेले. इमारती जुन्याकडे राहिल्या. फ्री चर्चला पैशाची चणचण होती. त्याचं शिष्टमंडळ १८४४ मध्ये अमेरिकेत गेलं आणि दक्षिणेतल्या गुलाममालक प्रेसबिटेरियनांकडूनही देणग्या घेऊन आलं, सुमारे ३,००० पौंड. दोन वर्षांनी डग्लस स्कॉटलंडभर सभा घेत हिंडला. एकच घोषणा: पैसे परत पाठवा. भिंतीवर, फलकांवर, गाण्यांत तीच ओळ. ज्याची स्वतःची किंमत एका इस्टेटीच्या यादीत लागली होती, तो माणूस चर्चला हिशेब विचारत होता. फ्री चर्चने पैसे परत केले नाहीत.

त्याच वर्षांत पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव फुले शिकत होते. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. जोन्स यांना जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

यावर कुणी चतुराईने म्हणेल, बघा, मग जोतीरावांच्या शाळेलाही तो पैसा लागला असेल. काढा त्याचाही हिशेब. अमेरिकेतला एखादा डॉलर बुधवार पेठेपर्यंत आला असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही, आणि त्याची गरजही वाटत नाही. शिकणाऱ्याच्या डोक्यावर देणं नसतं. ते घेणाऱ्याच्या वहीत असतं. डग्लस शाळा बंद करा म्हणत नव्हता, पाळकांना उपाशी ठेवा म्हणत नव्हता. तुम्ही ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याकडे ते पैसे नव्हते, ते आमचे होते, एवढंच तो सांगत होता. मिशनने आमच्या बहुजनांना शिकवलं ही कृतज्ञता आणि मिशनच्या मातृसंस्थेने हात काळे केले हा हिशेब, दोन्ही एका माणसाच्या मनात नांदू शकतात. अर्पणपत्रिका लिहिताना जोतीरावांनी अमेरिकेतल्या चांगुलपणाला दाद दिली, पण चांगुलपणाची त्यांची खूण अगदी साधी होती: तो माणूस मुक्त झाला की नाही.

म्हणून प्रिन्स्टनच्या रकमेला कुणी 'औदार्य' म्हणतं तेव्हा मला तो शब्द टोचतो. कोलंबिया सेमिनरीने २०२० मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची पूर्ण फी माफ करायचं जाहीर केलं, चांगलंच झालं. पण शिष्यवृत्ती देणारा उंचावर उभा असतो आणि घेणारा अर्ज करतो. देणेकरी अर्ज मागवत नाही. तो नाव शोधत दारात येतो. पेगी, अँटोनेट आणि सप्टेंबर यांची नावं छापील आहेत. त्यांच्या वंशजांचा माग काढणं किचकट असेल, अशक्य असेलच असं नाही. किती द्यायचं हा वाद मी अर्थशास्त्रज्ञांवर सोडतो. कोणत्या नात्याने द्यायचं, यावर तडजोड नको.

जोन्स यांच्या इस्टेटीचं पुढे काय झालं? डिसेंबर १८६४ मध्ये उत्तरेचा सेनापती शर्मन याचं घोडदळ मॉन्टेविडिओवर आलं, धान्य-जनावरं घेऊन गेलं. पुढच्या १६ जानेवारीला शर्मनने हुकूम काढला की किनाऱ्यालगतची जमीन, आत ३० मैलांपर्यंत, मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरपर्यंत द्यावी. लिबर्टी काउंटीची भातखाचरं त्या पट्ट्यात येत होती. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ते फिरवलं आणि जमिनी जुन्या मालकांकडे परत गेल्या. माणसं सुटली, मळा जोन्स कुटुंबाकडेच राहिला. मेरीबाई १८६८ मध्ये तो सोडून मुलीकडे न्यू ऑर्लीन्सला गेल्या आणि पुढच्या वर्षी तिथेच वारल्या. फीबीचं पत्र आलं होतं ते याच शहरातून.

पण या काउंटीत आणखी एक इस्टेट होती, जिची नोंद कुठल्याच पंचाने केली नव्हती. तिथल्या मळ्यांवर दिवसाचं काम मोजून नेमून द्यायची पद्धत होती. ते संपलं की उरलेला वेळ ज्याचा त्याचा. त्या वेळात लोकांनी स्वतःचं भात पिकवलं, डुकरं-कोंबड्या पाळल्या, काहींनी घोडेही घेतले. कायद्याने त्यांचं काही नव्हतं. व्यवहारात मालकही ते त्यांचंच मानत. शर्मनच्या शिपायांनी हेही उचलून नेलं. १८७१ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, नुकसानभरपाईसाठी आयोग नेमला, तेव्हा लिबर्टी काउंटीतल्या मुक्त झालेल्या माणसांनी दावे लावले. घोडा, गाय, डुकरं, भात, मध, गाडी, भांडी. वस्तू आणि तिची किंमत, शेजारी साक्षीदार. काही ठिकाणी जुन्या मालकांच्या घरच्यांनीही येऊन दुजोरा दिला.

आयोगाचा माणूस पुन्हा पुन्हा एकच विचारी: तुम्ही स्वतःच दुसऱ्याचे होतात, मग घोडा तुमचा कसा? नेमून दिलेलं काम उरकल्यावर, दिवस मावळायच्या आत आणि नंतरही राबून मिळवला, अशा अर्थाची उत्तरं त्या कागदांत ओळीने नोंदवलेली आहेत.